मामाच्या पंच्याहत्तरच्या स्ट्रॅटला नवीन पिकअप निवडताना

स्ट्रॅट म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, आणि पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं, चुंबक आणि तारेच्या कॉइलचं, तारांची थरथर विजेत बदलणारं यंत्र. तिच्यात अशी तीन असतात, नेक, मिडल आणि ब्रिज. त्यातलं ब्रिजचं पिकअप आवाज देईनासं झालं की सगळ्यात आधी संशय घ्यायचा स्विचवर, मग डागावर, म्हणजे सोल्डरिंगच्या जोडावर, मग केबल लावायच्या जॅकवर, आणि कॉइलवर सगळ्यात शेवटी, कारण पहिल्या तीन गोष्टी पाच-दहा रुपयांच्या कथलात सुटतात आणि चौथी सुटली नाही तर पुढचे कित्येक महिने डोकं त्याच्यातच अडकतं. माझं तेच झालं आणि त्यातून जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण जुनी फेंडर घरात असलेली पण कुणाला विचारावं ते माहीत नसलेली माणसं आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा जास्त आहेत. कुणाचे काका बोटीवर होते, कुणाचे वडील आखातात होते, कुणाकडे गोव्याहून आलेली असते.

माझ्याकडची मामाची. मामा बोटीवर इंजिनिअर होता आणि न्यूयॉर्कला बोट लागली की त्याचे पाय मॅनहॅटनच्या अठ्ठेचाळिसाव्या रस्त्याकडे वळायचे. तेव्हा तिथे रांगेने वाद्यांचीच दुकानं, मॅनीज तिथेच, सॅम अॅश तिथेच. नक्की कुठल्या दुकानातून घेतली ते त्याला आता आठवत नाही, पण नवीन घेतली होती आणि वर्ष १९७५ हे पक्कं आठवतं. ते तपासताही येतं. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या, पाठीवर १३७७५१२ असा आकडा ठोकलाय. त्यातला १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ७५ म्हणजे वर्ष आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा, म्हणजे गिटार मार्च ७५ च्या आधी जोडलेली असूच शकत नाही. सिरीयल नंबर मागच्या नेकप्लेटवर, म्हणजे नेक अंगाला जोडणाऱ्या पत्र्यावर आहे, १९७६ पासून तो हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे गेला, तेही जुळतं. नेकला तीन बोल्ट, हेडस्टॉक मोठं, नेकला सरळ ठेवणाऱ्या सळीचं, म्हणजे ट्रस रॉडचं, टोक बुलेटसारखं बाहेर आलेलं, अंगावर जाड चकचकीत पॉलिएस्टर आणि आत अॅश लाकूड, वजन चांगलंच.

ह्या काळातल्या फेंडरला लोक खूप नावं ठेवतात. लिओ फेंडरने १९६५ मध्ये कंपनी सीबीएस ह्या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली आणि त्यानंतर सगळं बिघडलं असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. लाकूडकामात ढिलाई आली, नेकच्या खाचेत फट दिसते, हे खरं, माझ्याही गिटारमध्ये आहे. पण सत्तरच्या दशकातली ती राखाडी तळाची पिकअप्स ऐकायला अतिशय सुंदर आहेत, थोडी बारीक, काचेसारखी लख्ख, आणि क्लीन कॉर्ड मारताना प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, हिंदी-मराठी जुनी गाणी, आणि पंचमदांच्या गाण्यांतली ती उडती ऱ्हिदम वाजवायला मला ह्याच आवाजाची गरज असते. किबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, सॅक्स ह्या सगळ्यांच्या गर्दीत जाड आवाजाची गिटार बुडून जाते. बारीक आवाज वर तरंगतो.

म्हणून पिकअप गेलं तेव्हा प्रश्न नुसतं नवीन पिकअप बसवण्याचा नव्हता, तो आवाज हातचा जाऊ न देण्याचा होता.

आधी तपासणी कशी केली ते सांगतो, कारण ह्यासाठी गिटार उघडायचीसुद्धा गरज नाही. गिटारला केबल लावायची, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टीप आणि स्लीव्हवर मल्टिमीटर, व्हॉल्यूम पूर्ण, आणि स्विच एकेका पिकअपवर न्यायचा. नेकला ५.६ किलोओहमच्या आसपास आकडा आला, मिडलला साधारण तेवढाच, आणि ब्रिजला थेट अडीचशे किलोओहमच्या जवळ. हा अडीचशे म्हणजे पिकअप नाही, तो नुसता व्हॉल्यूमचा पॉट दिसतोय, कारण कॉइल मध्येच तुटली असली की मीटरला जायला तेवढी एकच वाट उरते. चालू पिकअपचा आकडासुद्धा पॉट समांतर असल्यामुळे थोडा कमी दिसतो, ५.७ चं पिकअप जॅकवर ५.५७ दाखवतं. हे माहीत नसेल तर माणूस उगाच घाबरतो.

मग पिकगार्ड, म्हणजे पिकअप ज्यावर बसतात ती प्लास्टिकची पाटी, उघडून ब्रिजची वायर सोडवली आणि थेट कॉइलच्या दोन आयलेटवर, म्हणजे वायर डागायच्या भोकांवर, मीटर लावला. ओपन, म्हणजे वाट तुटलेली. स्विच ठीक, डाग ठीक, कॉइल गेलेली. तरी एक आशा असते. कॉइलची दोन टोकं असतात, एक आतून मॅग्नेटजवळून सुरू होतं आणि एक बाहेरच्या वेढ्याचं शेवटचं. बाहेरचं टोक आयलेटपाशी तुटलं असेल तर भिंगाखाली धरून एखादा वेढा मागे घेऊन परत डाग देता येतो. माझ्याकडे दोन्ही टोकं धड होती, म्हणजे तुटलंय आत कुठेतरी, सात-साडेसात हजार वेढ्यांच्या पोटात. भिंगातून पाहिलं तर कॉइलच्या एका बाजूला हिरवट ठिपके. मामाचं घर माहीमला, समुद्र हाकेवर, आणि गिटार वर्षानुवर्षं माळ्यावर. ही तार ४२ एडब्ल्यूजी, हे तारेचं अमेरिकन माप, जाडी ०.०६३ मिलिमीटर, केसाएवढी म्हणा, तिच्यावरचं इनॅमल एका ठिकाणी जरी उडालं आणि खारी दमट हवा आत गेली की तांबं खाल्लं जातं. त्याला कुणी काही करू शकत नाही.

वांद्र्याला एक जुने रिपेअरवाले अंकल आहेत, साठीच्या पुढचे, त्यांच्याकडे नेली. त्यांनी पिकअप हातात घेतलं, उलटं करून राखाडी फायबरचा तळ पाहिला आणि पहिलं वाक्य हे, "बाबा, ह्याच्या मॅग्नेटला दाबायचा नाय हां, कधीच नाय." त्याचं कारण त्यांनी नीट समजावलं. फेंडरच्या ह्या पिकअपमध्ये प्लास्टिकचा बॉबिन नसतो, वर-खाली दोन फायबरच्या पट्ट्या, मध्ये अल्निको ह्या चुंबकाच्या मिश्रधातूचे सहा दांडे, आणि तार थेट त्या दांड्यांभोवती गुंडाळलेली. दांडा उंच वाटतो म्हणून अंगठ्याने खाली ढकलला की सगळ्यात आतला वेढा खरवडला जातो आणि चांगलं चालू पिकअप तिथल्या तिथे मरतं. बऱ्याच जुन्या गिटारींची पिकअप अशीच गेलीत म्हणे. ज्याच्याकडे जुनी फेंडर आहे त्याने हे वाक्य लिहून भिंतीवर लावावं.

पर्याय तीन होते. एक, मेलेली कॉइल काढून त्याच दांड्यांवर परत गुंडाळून घ्यायची. दोन, फक्त ब्रिजला नवीन पिकअप आणि बाकी दोन जुनी तशीच. तीन, तिन्ही नवीन, आणि जुनं सगळं जसंच्या तसं बाजूला जपून ठेवायचं.

रिवाइंडिंगचा मोह खूप होता, कारण मॅग्नेट तेच, फायबर तेच, आणि आपल्याकडे मोटर वाइंडिंगवाले गल्लोगल्ली. पण इथे एक गोष्ट सांभाळायला हवी. लोहार चाळीत जाऊन नुसती बेचाळीस नंबरची तार मागितली तर मिळेल ती एसडब्ल्यूजीची, म्हणजे ब्रिटिश मापाची बेचाळीस, आपल्याकडे तेच माप चालतं, आणि तिची जाडी ०.१ मिलिमीटर. ती गुंडाळली तर निम्मे वेढेही त्या जागेत मावणार नाहीत. ४२ एडब्ल्यूजीच्या जवळची एसडब्ल्यूजी आहे ४६. शिवाय मोटरची तार गुंडाळायची सवय असलेल्या हाताला एवढ्या बारीक तारेचा ताण सांभाळणं कठीण, जरा ओढलं की तुटते, सैल सोडली की पुढे मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारायला लागतं. त्यासाठी मग मेणात बुडवायचं, ६०-६५ अंशाच्या वितळलेल्या पॅराफिनमध्ये, म्हणजे ते परत वेगळं कौशल्य. आणि जुन्या तारेखाली पन्नास वर्षांचं फायबर, कॉइल कापून काढताना तेच वाकलं तर सगळंच गेलं. अंकलनी स्वतः नाही म्हटलं. "मी करतो, पण ह्यावर नाय करणार," म्हणाले. मला त्या नाहीचा फार आदर वाटला. ज्या दिवशी फक्त जुन्या पिकअपचंच काम करणारा हात मिळेल त्या दिवशी करू, तोवर ते तसंच राहू दे, मेलेलं पिकअप अजून खराब होत नाही.

दुसरा पर्याय, फक्त ब्रिज बदलायचा, कागदावर सगळ्यात शहाणा वाटतो. अडचण अशी की जुन्या दोघांशी नव्याचं जमलं पाहिजे. मॅग्नेटचं वरचं टोक उत्तर की दक्षिण, आणि तार कुठल्या दिशेने गुंडाळलीय, ह्या दोन गोष्टींवर दोन पिकअप एकत्र वाजवल्यावर एकमेकांना साथ देतात की एकमेकांचा आवाज खातात ते ठरतं. होकायंत्र जवळ नेऊन मॅग्नेटची दिशा कळते, तारेची कळायला काट्याचा जुना मीटर लावून दांड्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवून झटकन उचलायचा आणि काटा कुठे उडतो ते बघायचं. उलट निघालं तर नवीन पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून भागतं. हे सगळं जमण्यासारखं आहे. पण त्यासाठी जुन्या पिकगार्डवरचे १९७५ चे कारखान्यातले डाग परत परत तापवावे लागले असते, आणि शिल्लक राहिलेली दोन पिकअप त्याच खाऱ्या हवेत पन्नास वर्षं राहिलेली, आज ना उद्या त्यांचंही तेच होणार, आणि माझ्या हातात कार्यक्रमाच्या मध्येच व्हायला नको.

म्हणून तिसरा. मामाला विचारलं, गिटार शेवटी त्याची. तो म्हणाला, "अरे, वाजवायला दिलीय तुला, वाजती ठेव. फक्त लाकूड कापू नकोस." हे लाकडाचं तो का म्हणाला ते मला नंतर कळलं. सत्तरच्या दशकात डिमार्झिओ कंपनीची सुपर डिस्टॉर्शन वगैरे जाड हंबकर, म्हणजे दोन कॉइलची रुंद पिकअप, आली आणि जो तो स्ट्रॅटच्या ब्रिजची जागा खोदून मोठी करत सुटला, त्याच्या एका मित्राने छिन्नी घेऊन स्वतः खोदली होती म्हणे, पुढे आयुष्यभर हळहळला. तार, पॉट, पिकअप, स्विच सगळं परत मागे नेता येतं. कापलेलं लाकूड नाही.

मग निवड. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो, कारण दुकानदार असो की मित्र, सगळे बोलतात किलोओहममध्ये, म्हणजे कॉइलच्या रेझिस्टन्सच्या मापात. हे ६ चं, हे ७ चं, हे १३ चं, जणू आकडा वाढला की आवाज वाढला. डीसी रेझिस्टन्स हा तारेचा आकडा आहे, आवाजाचा नाही. तेवढेच वेढे ४२ ऐवजी ४३ च्या बारीक तारेने घेतले तर आकडा वाढतो, आउटपुट तसाच राहतो. आणि तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, अंशाला साधारण ०.३९ टक्के. म्हणजे २० अंशाच्या खोलीत मोजलेलं ६ किलोओहमचं पिकअप डोंबिवलीत मे महिन्यात ३५ अंशाला ६.३५ दाखवणार. आवाजात काडीचा फरक नाही. बिल लॉरेन्ससारखा ह्या धंद्यातला जाणता माणूस हयातभर हेच सांगत होता की रेझिस्टन्स बघून पिकअप निवडू नका, इंडक्टन्स, म्हणजे कॉइल बदलत्या विजेला किती अडवते ते, बघा.

इंडक्टन्सचं महत्त्व मला तेव्हा पटलं जेव्हा मी बसून हिशोब केला. स्ट्रॅटच्या जुन्या धाटणीच्या पिकअपचा इंडक्टन्स सव्वादोन-अडीच हेन्रीच्या आसपास. पिकअप आणि केबल मिळून एक सर्किट होतं आणि एका ठराविक फ्रिक्वेन्सीला आवाज फुगतो, त्याच्या वर झपकन पडतो. केबलची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड धरली तर तीन मीटरच्या केबलने तो फुगवटा पाच हजार हर्ट्झच्या थोडा वर येतो आणि सहा मीटरच्या केबलने चार हजारावर. नुसती केबल बदलून एवढा फरक! म्हणजे ज्याला आपली स्ट्रॅट कानात टोचते म्हणून नवीन पिकअप घ्यायचीत, त्याने आधी लांब केबल लावून बघावी, आणि ज्याला बोथट वाटते त्याने आखूड. मी घरी आखूड केबलवर वाजवतो, स्टेजवर लांब, आणि गिटार स्टेजवर जरा गोड का वाटते ह्याचं कारण इतकी वर्षं मला अँपमध्ये वाटत होतं.

पिकअपची उंचीही तशीच. अल्निको ५ चे दांडे तारेला ओढतात. जाड तारांच्या बाजूने पिकअप फार वर असेल तर वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, एकाच सुरात दोन सूर ऐकू येतात, आणि लोक नेक बघत बसतात, फ्रेट घासतात. फेंडरचं स्वतःचं माप जुन्या धाटणीच्या पिकअपसाठी असं आहे की दोन्ही कडेच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून, जाड तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर. मी कुठलीही गिटार ऐकायला घेतली की आधी हे माप लावायचो, नाहीतर तुलना कसली करताय.

ऐकण्याबद्दल माझं ठाम मत झालंय. व्हिडिओवर पिकअपची तुलना ऐकून काही कळत नाही, त्यांचा अँप वेगळा, माइक वेगळा, हात वेगळा. मी ऑर्केस्ट्रातल्या आणि ओळखीतल्या मित्रांच्या गिटारी माझ्याच अँपवर, माझा पंधरा वॅटचा ट्यूब अँप आहे, माझ्याच केबलने ऐकल्या, आणि त्याच दोन-तीन ऱ्हिदम वाजवल्या ज्या मला कार्यक्रमात लागतात.

एकाकडे फेंडरची टेक्सास स्पेशल पिकअप्स होती, नेकला ६.२, मिडलला ६.५, ब्रिजला ७.१. छान पिकअप, जोरकस, अँप लवकर गरम होतो, ब्लूजला मस्त. पण क्लीन उडती ऱ्हिदम वाजवली की खर्जाकडे जरा जास्त भरलेला आवाज, आणि बासच्या वाटेत येतो. माझ्या कामाचा नाही.

ब्रिजसाठी सीमोर डंकन ह्या पिकअप बनवणाऱ्याच्या एसएसएल-५ चा विचार खूप दिवस डोक्यात होता. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटमध्ये १९७९ साली डंकनने खास गुंडाळलेलं जे ब्रिज पिकअप बसलं त्याच घराण्यातलं हे, १२.९ किलोओहम. ती काळी स्ट्रॅटसुद्धा १९७० मध्ये मॅनीजमधूनच घेतलेली, मामाच्याच रस्त्यावरची, हे वाचून मामा भलताच खूष झाला. त्या गिटारचं नेक, पिकअप, पिकगार्ड, सगळं इतक्या वेळा बदललं गेलं आणि तरी २०१९ मध्ये लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, त्यामुळे जुन्या गिटारला हात लावणं म्हणजे पाप असं मानणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. पण एसएसएल-५ चा आवाज सोलोसाठी आहे, मधला भाग पुढे आलेला, गाणारा. आणि नेकला ६ आणि ब्रिजला १३ असली जोडी केली की स्विच फिरवला की आवाजाची पातळी उडी मारते. ज्याला ड्राइव्हवर लांब सूर ताणायचेत त्याने जरूर घ्यावं.

हमचा प्रश्न वेगळाच. सिंगल कॉइल म्हणजे पन्नास हर्ट्झची गुणगुण आलीच, आणि आता स्टेजवर एलईडीच्या भिंती आणि डिमर, हॉलच्या कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं ते गिटार ठरवते. म्हणून डिमार्झिओची एरिया सीरीज लावलेली एक गिटार मुद्दाम मागून घेऊन ऐकली, ह्यात दोन कॉइल असतात आणि हम रद्द होतो. शांतता खरंच विलक्षण. ज्याचं पोट स्टुडिओवर आहे त्याने बिनदिक्कत घ्यावीत. मला मात्र पिक तारेवर पडतानाचा तो पहिला टच, तो काचेचा कण, थोडासा गुळगुळीत झालेला वाटला, आणि जुन्या नेक पिकअपशी ताडून पाहिलं की फरक सरळ ऐकू येत होता. मी तोच आवाज राखायला निघालो होतो.

इथे एक सांगायला हवं, आत तांब्याची पट्टी चिकटवली की हम जातो असं लोक ठासून सांगतात. चिरचिर जाते, ट्यूबलाइट-डिमरची कर्कश भुणभुण बरीच कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरची खर्जातली गुणगुण चुंबकीय असते, ती तांब्याला जुमानत नाही. ती घालवायची तर दोन उलट्या कॉइलच पाहिजेत. आणि पट्टीबिट्टीच्या आधी घरातलं अर्थिंग बघा. जुन्या चाळींत, इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसते. स्ट्रॅटच्या तारा मागच्या स्प्रिंगमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचे हात त्या सर्किटवर आहेत. ह्यात हयगय नको, इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या.

शेवटचा प्रश्न दांड्यांच्या उंचीचा, आणि माझ्यासाठी हाच निर्णायक ठरला. जुन्या स्ट्रॅटमध्ये दांडे वर-खाली असतात, G तारेखालचा सगळ्यात उंच, B तारेखालचा सगळ्यात बुटका. हे पन्नासच्या दशकातल्या तारांच्या हिशोबाने केलेलं, तेव्हा G तार वरून बारीक तार गुंडाळलेली असायची आणि तिचा आवाज दबका यायचा. आता सगळे साधी, न गुंडाळलेली G लावतात, तिच्यावर तो उंच दांडा ओरडतो. कॉर्ड मारली की मधूनच G डोकं वर काढते, आणि उडत्या ऱ्हिदममध्ये हे फार खटकतं. फेंडरने १९७४ च्या शेवटाला दांडे सपाट केले, खर्च वाचवायला केले असतील, विंटेजवाले त्याला नाक मुरडतात, पण माझ्या मामाच्या गिटारचा तो समतोल आवाज ह्या सपाट दांड्यांमुळेच आहे अशी माझी खात्री झाली. सव्वासात इंचांच्या गोलाईच्या फिंगरबोर्डवर सपाट दांड्यांनी कडेच्या तारा जराशा पुढे येतात, खरंय, पण ते मला चालतं, किंबहुना आवडतं.

एवढं ठरल्यावर नाव आपोआप समोर आलं. सीमोर डंकनचं एसएसएल-२, सपाट दांडे, अल्निको ५, ६.५ किलोओहम, जुन्यापेक्षा किंचित भरीव पण त्याच वळणाचं. तिन्ही जागी तेच. ब्रिजला तार कमी हलते म्हणून तिथे जास्त वेढ्यांचं पिकअप घ्यावं असं सगळे सांगतात, त्यात तथ्य आहे, पण १९७५ मध्ये तिन्ही सारखीच होती आणि पातळी उंचीच्या स्क्रूने जुळवता येते, ब्रिज थोडं वर, नेक थोडं खाली, झालं. मिडल मात्र उलट मॅग्नेट आणि उलट वाइंडिंगचं मागवलं. जुन्या फेंडरमध्ये हे नव्हतं. ह्याने दोन पिकअप एकत्र वाजणाऱ्या जागांवर, म्हणजे पाच जागांच्या स्विचच्या दोन आणि चार नंबरवर, हम रद्द होतो, आणि माझं बरंचसं वाजवणं त्याच दोन जागांवर असल्यामुळे स्टेजचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. परदेशातून मागवली, कस्टम आणि कुरिअर धरून हिशोब आधीच करून ठेवा, छापील किमतीवर जाऊ नका.

बसवताना जुनं पिकगार्ड सगळ्या वायरिंगसकट, तीन पिकअप, तीन पॉट आणि तो मूळचा तीन जागांचा स्विच, फक्त जॅक आणि ग्राउंडच्या वायरी सोडवून अखंड उचललं. तो स्विच तीनच जागांचा, फेंडरने पाच जागांचा १९७७ मध्ये द्यायला सुरुवात केली, त्याआधी लोक दांडी मध्येच अडकवून ते आवाज काढायचे, मामाही तेच करायचा. नवीन अकरा भोकांचं पिकगार्ड घेतलं, त्यात २५० किलोओहमचे सीटीएसचे पॉट, पाच जागांचा स्विच, ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. नवीन पिकगार्डची दोन भोकं बॉडीवरच्या जुन्या भोकांशी जुळत नव्हती. अशा वेळी लाकडात नवीन भोक पाडायचं नाही, पिकगार्डचं भोक बारीक कानशीने लांबट करायचं, स्क्रूच्या डोक्याखाली ते दिसतही नाही. डाग मी घरीच दिले, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या साध्या २५ वॅटच्या सोल्ड्रॉनने, फक्त पॉटच्या पाठीवरचा ग्राउंडचा डाग अंकलकडे जाऊन त्यांच्या मोठ्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने मारून घेतला, कारण छोट्या इस्त्रीने तिथे फार वेळ टेकवत बसावं लागतं आणि पॉट आतून भाजतो.

जुनं पिकगार्ड हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवलंय, आणि आत एका कागदावर प्रत्येक पिकअपचा आकडा, मोजल्याची तारीख आणि त्या दिवसाचं तापमान लिहून ठेवलंय. पावसाळ्यात पुड्या बदलायच्या.

आवाज कसा आला? नेक जवळजवळ तोच. दोन आणि चार नंबर जुन्यापेक्षा चांगले, हे मी कुठल्याही विंटेजवाल्यासमोर म्हणायला तयार आहे, कारण हम गेल्यावर त्यातली बारीक नक्षी ऐकू येते. मामाने वाजवून बघितली, बराच वेळ वाजवली, आणि म्हणाला G तार पूर्वीसारखीच शहाणी आहे.

ब्रिज मात्र एकटं वाजवलं की अजून थोडं तीक्ष्ण होतं, आणि त्याचं कारण पिकअपमध्ये नाहीच. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये दोन टोनपैकी एक नेकचा आणि एक मिडलचा, ब्रिजला टोनच नाही, तो पॉट आणि कपॅसिटर त्याच्या वाटेत येतच नाहीत, म्हणून तो उघडाबोडका ऐकू येतो. स्विचवर एक छोटी वायर टाकून दुसरा टोन ब्रिजलाही जोडला, नवीन पिकगार्ड असल्यामुळे हे करताना मनात काही आलं नाही. आता तो टोन सातवर ठेवतो, आणि बऱ्याच जणांनी जाड ब्रिज पिकअप घेण्याआधी ही एक वायर टाकून बघितली तर त्यांचे पैसे वाचतील.